फूभाऊंची न मारलेली लाथ

फूभाऊंनी म्हणे एका लाथेत जिमवाल्याला मोटरसायकलसकट आडवं केलं. दुपारी औषधाच्या दुकानापाशी ही लाथ गुडघ्याएवढी होती. सलूनपर्यंत पोचेस्तोवर ती छातीएवढी झाली, आणि भाजीवालीकडे ऐकली तेव्हा फूभाऊ हवेतच होते, खाली यायचं नाव नाही.

खरं म्हणजे लाथ कुणी मारलीच नाही. मार खाल्ला गेला, आणि तोही फूभाऊंनीच.

फूभाऊ म्हणजे कोपऱ्यावरचे काचवाले. खरं नाव त्यांच्या बायकोलाही चटकन आठवायचं नाही, कारण ती 'अहो'च्या पुढे कधी गेलीच नाही. तरुणपणी सायकलच्या दुकानावरच्या माडीत ते कुंग फू शिकायला जायचे. तिथल्या म्हाताऱ्या सरांनी पहिलं वर्ष त्यांना नुसतं उभं केलं : पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं, फक्त घोडा नाही. सर गेले, माडी पाडली, पण भाऊ अजून रोज सकाळी गच्चीवर तसेच उभे. नव्या नवरीने हे पाहिलं तेव्हा ती म्हणाली होती, "नुसतं उभं राहायला क्लास लावलात? बसस्टॉपवर काय कमी शिकवतात?"

या प्रकरणाआधीची त्यांची खरी मारामारी एकच. एका टवाळाने अंगावर धावून यावं, आणि भाऊंनी काय करावं? मूठ तळहातावर टेकवून मान लववली! सरांकडे नमस्कार केल्याशिवाय हात उचलायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली. मान वर येईतो नाक मोडलं होतं. ते आजही जरा डावीकडे बघतं.

हे नाक जिमवाल्याच्या नजरेत भरलं. चौकात नवी जिम काढलेला पोरगा. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडकुंडीला यायच्या. येता-जाता डिवचायचा, "काका, तुमचं कुंग फू म्हणजे नाच. या की एकदा, खरी फाइट करू, व्हिडिओ काढू." भाऊ हसून काच पुसत राहायचे. त्या हसण्याचाच त्याला जास्त राग.

परवा औषधाच्या दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. माणसाहून उंच, आणि जाड. भाऊ बाहेर, फुटपाथवर. काचेला चिकटवलेल्या दोन रबरी मुठी धरून. आत बायको गुडघ्यांवर बसलेली, काचेच्या बुडाशी लाकडी पाचरी ठोकत. काच तिच्याकडे कललेली. भाऊंनी मुठी सोडल्या की ती सगळी तिच्या डोक्यावर.

तेवढ्यात मोटरसायकल येऊन मागे थांबली. जिमवाला उतरला, मित्राच्या हाती मोबाइल दिला.

"काका, आज नाही म्हणायचं नाही."

"हात गुंतलेत रे. थांब जरा."

"बघा, बघा, पळवाट!" आणि पाठीत एक धपाटा बसला.

काच थरथरली. आत हातोडी थांबली. काचेतून बायकोचे डोळे भाऊंना दिसले, आणि त्या डोळ्यांच्या वर काचेची ती कललेली कड.

भाऊंनी गुडघे वाकवले. पाय आपोआप फाकले. बिनघोड्याची बैठक बसली.

"तू ठोक गं," ते म्हणाले.

"अहो, हलू नका. दोन्ही टोकं राहिलीत."

कानाखाली एक बसली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. रबरी मुठी घामाने हातातून सरकू लागल्या, तशी भाऊंनी बोटं आवळली. पोटरीवर लाथ बसली; पोटरी दुखली, पाय जागचा हलला नाही. औषधवाले गल्ल्यामागून नुसतेच "अरे, अरे" करत होते.

"मार ना परत!" जिमवाला ओरडत होता. "हेच का तुमचं कुंग फू?"

भाऊंना वळावंसं वाटत होतं. त्या काळी माडीवर हवेला मारलेले सगळे ठोसे दंडात येऊन उभे होते. पण हातोडीचा आवाज चालू होता, आणि तो चालू असेतो हात त्यांचे नव्हते. कान सुन्न झाला, तेव्हा हातोडीचे ठोके मुठींतून मोजत राहिले.

मग आतून बायको मागे सरकली. काच अडकवणारी वरची पट्टीही तिने स्टुलावर चढून ठोकली होती. "सोडा," ती म्हणाली. "आता बघाच त्याच्याकडे."

भाऊंनी एकेक बोट सोडलं. सावकाश वळले. कानातून रक्ताची रेघ, नाक डावीकडे. आणि सवयीने मूठ तळहातावर टेकवून त्यांनी मान लववली.

जिमवाल्याचा चेहराच उतरला. इतका मार खाऊन माणूस नमस्कार करतो म्हणजे पुढे काहीतरी भयंकर येणार! तो मागे सरला, आणखी सरला, स्वतःच्याच मोटरसायकलला अडखळला आणि तिला मिठी मारून आडवा झाला. मित्राने मोबाइल केव्हाच खिशात घातला होता.

औषधवाल्यांनी कापूस आणि मलम आणलं. आता धोका टळल्यावर त्यांना कंठ फुटला होता. "काय फूभाऊ, एवढी वर्षं घासलीत. खऱ्या मारामारीत त्याचा काय उपयोग झाला सांगा बघू?"

आत बायको काच पुसताना मोठमोठ्याने भाऊंचा उद्धार करत होती : मान कसली लववता, एक ठेवून द्यायची होती!

भाऊंनी चांगला कान तिकडे केला आणि म्हणाले, "ही ओरडतेय ना? मग झाला की उपयोग."