तिळाची भाकरी आणि खारं पाणी

जैनाच्या घरात मासे पाळायचे म्हटल्यावर काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मला विचारा. शेजारणीनं तर "तळायला कधी घेणार?" म्हणून विचारलं. तिच्याशी मी पुढं बरेच दिवस कामापुरतंच बोलले. पण हौस होती. लेक शिकायला पुण्याला गेली, तिच्या टेबलाची जागा मोकळी झाली आणि तिथं मी काचेची टाकी मांडली. तीही साधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवायचं, दगड रचायचे, पांढरी वाळू पसरायची, पाणी मुरू द्यायचं आणि मग मासे सोडायचे. मासे दोनच, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. "गोवा काय लांब हाय? समुद्र तिथं जाऊन बघायचा की गं," नवरा म्हणाला. त्याला काय कळतंय!

टाकी लागली त्याच सुमारास आक्का आमच्याकडं आल्या. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई; सगळं घर त्यांना आक्काच म्हणतं. सासरे गेले, कोगनोळीच्या घरात त्या एकट्या उरल्या, म्हणून आम्ही त्यांना बेळगावला घेऊन आलो. आल्या तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "औषधानं होणारं काम नाही हे. त्यांनी जेवायला पाहिजे." आणि आक्कांचं प्रत्येक रविवारी एकच पालुपद, "मला कोगनोळीला सोडा. माझं तिथंच बरं हाय." तिथं सोडलं तर त्या चूलसुद्धा पेटवणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आक्का दिवस बुडायच्या आत जेवतात, नंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा हा नेम. आम्ही दोघं चातुर्मास सोडला तर रात्रीच जेवणारे. नवरा मच्छे गावातल्या कारखान्यातून रात्री आठाला येतो, मी शाळेत शिकवून आल्यावर आक्कांच्या भाकऱ्या थापायच्या आणि शिकवणी घ्यायला पळायचं. परत येऊन बघावं तर ताट जसंच्या तसं झाकलेलं. माझा जीव नुसता तुटायचा. वर त्या म्हणायच्या, "भूक न्हाय गं."

टाकीवर त्यांचा राग होता. "मुक्या जिवास्नी कोंडून काय पुण्य मिळवतीस?" पण दुपारी बघावं तर खुर्ची टाकीसमोर ओढलेली. माशांच्या खाण्याचा डबा उघडला की मात्र नाकाला पदर. "असलं कुजकं खायला घालतीस व्हय त्यास्नी?" त्या डब्यातल्या दाण्यांत काय काय असतं ते इंग्रजीत छापलेलं होतं, हे माझं नशीब.

आणि मग एक दिवस आक्कांचं ताट रिकामं दिसलं. दुसऱ्या दिवशीही. थंडी पडली होती, मी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या करत होते. दोनच्या दोन भाकऱ्या गायब, वर ठेचा पुसून घेतलेला. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग मला कारखान्यात कशाला सांगतीस? घरी आल्यावर सांग की." असला कोरडा माणूस!

नेमकी त्याच वेळी टाकीला दृष्ट लागली. आधी पांढऱ्या वाळूवर तपकिरी भुकटी बसली. नव्या टाकीत ती येतेच, आपोआप जाते, असं जाणकार सांगतात, म्हणून मी गप्प बसले. ती गेली, पण तिच्या जागी हिरवं आलं. दगडांवर केसांसारखं शेवाळ, बोटभर लांब, पाण्याबरोबर डुलतंय. काच सकाळी पुसावी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी.

मी म्हटलं, बघतेच आता. दिवा कमी वेळ लावायला लागले. खिडकीला जाड पडदा लावला. पाणी बदललं, पुन्हा बदललं. दगड बाहेर काढून टूथब्रशनं घासले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या. पाण्यातली घाण तपासायच्या बाटल्या आणल्या; जितकी घाण तितका लाल रंग, तर आमचं पाणी लालभडक! खतावलेलं पाणी, शेवाळ माजणार नाही तर काय? पण खत येतंय कुठून? मी रात्री दोन चिमटी दाणे घालायचे, ते एकावर आणले. तरी रंग तोच.

त्यात आक्कांचं वेगळंच. मी ब्रश घेतला की, "आज चतुर्दशी हाय, हिरव्याला हात लावू नगंस." अष्टमी-चतुर्दशीला आमच्यात हिरवी भाजी चिरत नाहीत, पण टाकीतल्या शेवाळालाही तो नेम लागू होतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. नवरा हसून हसून बेजार.

एका शनिवारी टाकीच्या गाळणीतला कापूस पिळायला घेतला. बुळबुळीत करडा लगदा, आंबूस वास. आणि त्यात तीळ. एक नाही, चांगले बोटाला चिकटलेले पाच-सहा तीळ. खाऱ्या पाण्यात तीळ! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शेवाळाचं सोडा. मला दिसत होती ती रोजची रिकामी ताटं. म्हणजे आक्का जेवतच नव्हत्या? मी हुरळून फोन करत होते आणि भाकऱ्या माशांच्या पोटात जात होत्या? ओल्या हातानं तशीच बाहेर आले.

"आक्का, भाकरी टाकीत घालता होय? मला फसवता? तुम्ही उपाशी मरायला निघालाय आणि माझे मासेही मारायला निघालाय!"

आक्का घाबरल्या. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "समदी न्हाय गं घालत. तुकडाच. आधी त्यास्नी, मग मी. खरंच जेवते मी."

"आता एक कणही घालायचा नाही," मी म्हटलं आणि कापूस धुवायला गेले. तोंडाला लगाम नाही माझ्या, आईसुद्धा हेच म्हणायची.

त्यानंतर पाणी झरझर सुधारलं. बाटलीतला लाल रंग फिका होत गुलाबीवर आला. शेवाळाचे केस गळायला लागले, गोगलगायींनी दगड चाटून साफ केले, वाळू पुन्हा पांढरी दिसायला लागली. आणि आक्कांचं ताट परत झाकलेलं मिळायला लागलं. जशीच्या तशी भाकरी, वाळून वाकडी झालेली. मग मात्र खात्री पटली, बाई खरंच जेवत होत्या. रविवारी आक्कांनी लेकाला नुसतं सांगितलं नाही, पिशवीच भरून ठेवली. "पुढच्या रविवारी सोड मला." नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी टाकीकडं बघत होते. इतकी स्वच्छ टाकी मला कधी जमली नव्हती, आणि बघवत नव्हती.

मी पिशवीशेजारी बसले. म्हटलं, "आक्का, खरं सांगा. माझा राग आलाय?"

"तुझा कशाला राग येईल? तू येडी हायस, पर वाईट न्हायस." मग म्हणाल्या, "गावाकडं आम्ही दोघं सोप्यात बसायचो. त्येंच्या ताटात पहिला तुकडा मी घालायची, मग माझा घास. इथं संध्याकाळी घरात कोण न्हाय. एकटीच्या घशाखाली उतरत न्हाय गं. ते मासे तोंड उघडत वर यायचे, तेवढीच सोबत."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. अख्खं घर त्यांच्या खाण्यावर नजर ठेवून होतं, आणि त्यांच्याबरोबर जेवायला मात्र कुणी बसत नव्हतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या पोरांना सांगितलं, "आता सकाळी शाळेआधी यायचं." पोरांनी तोंडं वाकडी केली, त्यांच्या आयांनी फोन केले, मी ऐकलं नाही. डब्यातले मोजके दाणे एका वाटीत काढून आक्कांच्या हातात दिले. "हे तुम्हीच घालायचे, रोज, एवढेच. भाकरी नाही. मी रात्रीचं घालणं बंद केलंय." त्यांनी वाटी नाकापासून लांब धरली आणि दाणे पाण्यात सोडले. मासे वर आले.

मग मी दोन ताटं वाढली, दोन्ही टाकीसमोर. ऊन अजून खिडकीच्या कडेला होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चातुर्मास सोडून कधी मी उजेडात रात्रीचं जेवण घेतलं नव्हतं. भूकही नव्हती म्हणा. आक्कांनी भाकरी मोडली, तुकडा हातात घेतला आणि सवयीनं हात टाकीच्या दिशेनं गेला. हात तिथंच थांबला, वळला, आणि तो तुकडा माझ्या ताटात पडला.

"खा गं," आक्का म्हणाल्या, "ऊन चाललं." आणि दुसरा तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.