पाच ताऱ्यांचा आहेर

कंपनीचा मेल आला की आमचे मालक उभे राहायचे. खोटं नाही सांगत. तोंडात पोह्यांचा घास असो की कानाला फोन असो, स्क्रीनच्या कोपऱ्यात ते इंग्रजी नाव चमकलं की खुर्ची मागं सरकायची, शर्टाचं वरचं बटण लागायचं आणि मालक दोन्ही हात टेबलावर टेकवून वाचायला लागायचे. मेलात असायचं काय, तर आमचं धोरण बदललं आहे, आमच्या अटी बदलल्या आहेत, अमुक दिवसाच्या आत तमुक करा, नाहीतर तुमचं ॲप काढून टाकू. सख्ख्या मेव्हण्यानं असलं पत्र धाडलं असतं तर मालकांनी त्याचा पार उद्धार केला असता. इथं मात्र मान डोलवून म्हणायचे, "करू की. वरचे लोक येडे न्हाईत."

वरचे म्हणजे देव नव्हे. ज्या मोठ्या कंपनीच्या बाजारातून आपण सगळे फोनमध्ये ॲप उतरवून घेतो, ती कंपनी. तिचा एकही माणूस मालकांनी कधी पाहिला नव्हता, कुणाचा आवाज ऐकला नव्हता, तिचं ऑफिस कुठल्या गल्लीत आहे तेही ठाऊक नव्हतं. पण बोलायचे असं, की जणू काल संध्याकाळीच त्यांच्या ओसरीवर चहा घेऊन आलेत.

'मालक' हे नाव त्यांनी स्वतःच लावून घेतलेलं. पुण्याची चांगली नोकरी सोडून अहमदपूरला आले आणि एसटी स्टँडसमोर वडिलांच्या भुसार दुकानाच्या माडीवर दोन टेबलं टाकली. एक त्यांचं, एक माझं. मी ॲपमधली बटणं आणि चित्रं काढायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "लई केली ताबेदारी, ताई. आता कुणाचा हुकूम न्हाई, कुणाची हांजी हांजी न्हाई. आता आपण मालक." खालच्या चहावाल्यानं ते ऐकलं आणि गावभर केलं. आणि तासाभरातच पहिला मेल आला नि मालक ताडकन उभे राहिले. मी हसू दाबायला खिडकीकडं तोंड केलं.

ॲप मात्र झकास होतं, त्याला नावं ठेवणार नाही. नाव होतं 'भाव ऐका'. रोज सकाळी मालक लातूर, उदगीर, नांदेड, अहमदपूर अशा सगळ्या मोंढ्यांतल्या, म्हणजे धान्यबाजारांतल्या, मुनीम-हमालांना फोन लावायचे, सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा भाव विचारायचे आणि स्वतःच्या आवाजात भरायचे. "राम राम, शरणार्थ, सलाम! ऐका हो, आज सोयाबीन जरा तापलंय, पण ओला माल आणू नका, तोंडावर फेकायलेत. बोलणार अहमदपूरचा मालक." ज्यांना वाचता येत नाही त्यांनी हिरवं बटण दाबायचं आणि ऐकायचं. एवढंच. चाकूरपासून पार किनवटच्या इस्लापूरपर्यंत माणसं त्या आवाजावर गाडी भरायची की नाही ते ठरवत. पुण्यामुंबईच्या चकचकीत ॲपांना जे जमलं नाही ते या माडीवरच्या माणसानं केलं होतं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पण वरच्यांपुढं हा माणूस इतका का नमायचा, कळायचं नाही. एकदा कंपनीनं कळवलं की तुमचं ॲप जुगाराचं दिसतं. का? तर त्यात तेजी आणि मंदी हे शब्द वारंवार येतात. मी म्हटलं, "मालक, चांगलं खरमरीत लिहा." मालकांनी बसून, चुकले, उभं राहून उत्तर लिहिलं. काय लिहिलं, तर मोंढ्यानं तेजी-मंदी हे शब्द वापरल्याबद्दल दिलगिरी! पुढं आमचं सोयाबीन तापायचं आणि थंड व्हायचं, तेजीत कधी गेलं नाही. "त्यांचं बी काहीतरी असंल ना ताई. जगाचा कारभार हाय त्यांच्याकडं." मी म्हटलं, जगाचा असेल, पण अहमदपूरच्या मोंढ्याचा तर नाही ना!

दुसरं एक भांडण मी मनापासून भांडले. मी सांगितलं, ऐकणाऱ्यांचे फोन नंबर तरी आपल्याकडं घेऊन ठेवा. उद्या काही झालं तर या माणसांना कुठं शोधणार? मालकांनी कानाला हात लावले. "फालतूचा डाटा घ्यायचा न्हाई म्हणून नियम हाय. नियमात बसत न्हाई." नियमात तसं काही नव्हतं, विचारून घेण्याची मुभा होती, मी वाचून दाखवलं. पण नियमानं जेवढं मागितलं त्याच्यावर चार अंगुळं जास्त वाकायची मालकांना हौस. झालं! हजारो माणसं त्यांचा आवाज ओळखायची आणि मालकांना त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं.

त्यांचे वडील, आप्पा, कपाळाला भस्म लावून खाली गादीवर बसायचे आणि जाता-येता टोमणे मारायचे. "काय ओ मालक, तुझ्या त्या फोनच्या बाजारात गाळा कुणाचा? करार केलास का? घरमालक कोण?" मालक तोऱ्यात म्हणायचे, "आप्पा, तुमचं दुकान एका गल्लीत. माझं जगात." आप्पा हसून पुडी बांधायचे. पण खरं सांगू, पुढं जो घोळ झाला त्याची अक्कल आप्पांचीच. त्यांनीच एकदा विचारलं, की तुझ्या त्या बाजारात पत कशी वाढते? मालक म्हणाले, लोकांनी पाच तारे द्यायचे, मग वरचे आपल्याला पुढं मांडतात. आप्पांचे डोळे चमकले. "मग घरात लगीन हाय की! एवढी माणसं फुकट जेवून जाणार का?"

मालकांच्या धाकट्या बहिणीचं लग्न चाकूरच्या मंगल कार्यालयात होतं. पत्रिकेवर देवाच्या नावाखाली, वधूवरांच्या वर, ठळक छापलं: 'कृपया आहेर आणू नये. पाच तारे द्यावेत.' अक्षता पडल्या आणि पंगतीच्या आधी मालक माईक घेऊन स्टेजवर चढले. कार्यालयाच्या वायफायचा पासवर्ड त्यांनी असा खणखणीत सांगितला की आचाऱ्यांनीसुद्धा फोन काढले. मग शाळेत शुद्धलेखन घालतात तसं घातलं. "लिहा. खूप. छान. ॲप. आहे. झालं का? मागच्यांचं झालं का?" सगळ्या हॉलनं अगदी तेच लिहिलं. नवरी शालू सावरत लिहीत होती, भटजींच्या जागी बसलेले जंगम स्वामी लिहीत होते. उदगीरच्या मामांनी चारच तारे दिले आणि मालकांनी हटकलं तर म्हणाले, "पाचवा जेवण बघून देतो."

यात लबाडी कुठं होती, मला कुणी सांगावं. माणसं खरी, फोन खरे, ॲप बहुतेकांच्या रोजच्या वापरातलं. आमच्याकडं लग्नात माणूस हातभार लावतो, तसा लावला. पण कंपनीच्या यंत्राला दिसलं काय, तर एका छपराखालून, एका वायफायवरून, एका घटकेत, एकाच वाक्याचा पाऊस. त्याला काय माहीत आहेर म्हणजे काय!

लग्नाची हळदसुद्धा उतरली नव्हती तेव्हा मेल आला. मालक उठले, बटण लावलं, हात टेकवले. वाचून झालं तरी बसले नाहीत. मी विचारलं, काय झालं? त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. 'प्रिय डेव्हलपर, बनावट अभिप्रायांद्वारे फसवणूक केल्यामुळे आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.' एवढी वर्षं ज्यांना साष्टांग नमस्कार घातला, त्यांना या माणसाचं नाव लिहायचीही गरज वाटली नाही. माझं डोकं असं फिरलं की हातातला कप मी टेबलावर आपटला.

मालकांनी खुलासा पाठवला. लग्नपत्रिका जोडली, हॉलचा व्हिडिओ जोडला, हात जोडलेल्या नवरीचा फोटोसुद्धा जोडला. चहा निवायच्या आत उत्तर आलं: आम्ही आपल्या प्रकरणाचा काळजीपूर्वक विचार केला, निर्णय अंतिम आहे. खाली कुण्या बाईचं नाव होतं. मालकांचा चेहरा उजळला. "नाव हाय बघा ताई! माणूस हाय. माणसाला सांगितलं की समजतंय." त्यांनी 'आदरणीय ताई' म्हणून लिहिलं, की तुम्हीही कुणाची बहीण असाल. उत्तरात अक्षर न बदलता तोच मजकूर आला, फक्त खाली नाव पुरुषाचं होतं.

मग बहिणीच्या नावानं नवीन खातं काढलं. ते दुपारपर्यंत टिकलं. बंद केलेल्या खात्याशी संबंधित व्यक्ती, म्हणून तेही गेलं. मालकांच्या घरातल्या नात्यागोत्याची कंपनीनं घेतलेली दखल ती एवढीच.

तरी हे सगळं सोसलं असतं मालकांनी. पण ज्यांच्या फोनमध्ये ॲप आधीपासून होतं त्यांच्या फोनवर कंपनीनं लाल पाटी झळकवली: हे ॲप धोकादायक असू शकते, काढून टाका. लोकांनी मुकाट्यानं काढलं. आणि स्टँडवर कुजबुज सुरू झाली. कालपर्यंत "शरणार्थ मालक" म्हणणारा माणूस हळूच विचारायला लागला, "मालक, माझ्या बँकेतलं काही गेलं तर न्हाई ना?" मालक मागच्या जिन्यानं यायला लागले. सकाळी सवयीनं मोंढ्यात फोन लावायचे, भाव लिहून घ्यायचे आणि माईककडं बघत बसायचे. कुणाला सांगणार? नंबर एकाचाही नव्हता. त्या दिवसांत त्यांची चेष्टा करायचं मी सोडून दिलं होतं.

एक दिवस आप्पांनी खालून हाक मारली, "पाव्हणे आलेत." जिन्यावरून एक म्हातारी धापा टाकत वर आली, नऊवारी, हातात पिशवी. इस्लापूरच्या गयाबाई. एसट्या बदलत, स्टँडवर "भाव सांगणारा मालक कुठं राहतो" असं विचारत आलेल्या. मालक ओशाळून म्हणाले, "मावशी, तुमचे पैसे गेले का?"

"पैसे? कशाचे?" गयाबाई म्हणाल्या. "तुमचा आवाज बंद झाला ना बाप्पा. नातू म्हणते, लाल पाटी आली, काढून टाकलं. मी म्हटलं, रोज बोलणारा माणूस असा गप कसा काय बसून राहिला? आजारी पडला असंल. म्हणून बघायला आले." आणि पिशवीतून खायला बिब्ब्याच्या गोडंब्या काढून टेबलावर ठेवल्या.

मालक उभे राहिले. बटण लावायचं राहिलं. घसा खाकरून त्यांनी म्हटलं, "राम राम, शरणार्थ, सलाम," आणि त्या दिवशीचा सगळा भाव त्या एकट्या बाईला उभ्यानं सांगितला, पार शेवटच्या "बोलणार अहमदपूरचा मालक" पर्यंत. गयाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला रडू आलं, सांगायला कसली लाज. जाताना त्या म्हणाल्या, "फोन नंबर द्या की तुमचा, माझा बी घ्या." तोंडपाठ नंबर त्यांनी सांगितला आणि मालकांनी तो घेतला. नियमात बसतो का, ते विचारलं नाही.

एका नंबरावर दुकान चालत नाही. मालकांनी हैदराबादला नोकरी धरली. त्यांना सोडायला आम्ही नुसता रस्ता ओलांडून स्टँडवर गेलो. गाडी लागली तेव्हा मी उगाच डिवचलं, "काय मालक, वरचे लोक येडे न्हाईत ना?"

ते हसले नाहीत. "येडे न्हाईत, ताई," म्हणाले. "तिथं लोकच न्हाईत. मग मी एवढे दिवस उठून कुणासाठी उभा ऱ्हायलो?" कंडक्टरनं घंटी मारली आणि ते खिडकीत बसले. गयाबाईंना मात्र ते आजही सकाळी हैदराबादहून फोन करून भाव सांगतात.

माडी आता माझ्याकडं आहे. लहान पोरांना मुळाक्षरं शिकवणारं एक ॲप मी केलंय, आणि ते मांडायला दुसरा बाजार नाही म्हणून त्याच बाजारात मांडलंय. आयांचे नंबर मी पहिल्या दिवसापासून विचारून घेते. मालकांची नक्कल करून दाखवते, ते खुर्ची कशी मागं सरकवायचे, बटण कसं लावायचे, आणि माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पोरी खो खो हसतात. परवा सकाळी कंपनीचा मेल आला, प्रिय डेव्हलपर, आमचं धोरण बदललं आहे. म्हटलं, गेलात उडत. दोनदा वाचला, खालच्या अटी वाचल्या. मग आप्पांनी खालून विचारलं, "चहा पाठवू का?" म्हणून हो म्हणायला वळले, तर पदर खांद्यावर घट्ट घेतलेला, दोन्ही हात टेबलावर टेकलेले, आणि खुर्ची मागं भिंतीला लागलेली होती.