पेन्सिलीची नोंद

तंजावरात रग्बीवर अधिकारवाणीने बोलणारा माणूस एकच होऊन गेला आणि तो माझा मामेसासरा होता, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारण तंजावरात रग्बीवर बोलणारा दुसरा माणूसच नव्हता. मी मूळचा साताऱ्याचा. तंजावरच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून गेलो आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वसलेल्या एका मराठी घरचा जावई झालो. लग्नानंतर मामांना पहिला नमस्कार केला तेव्हा त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी माझे खांदे चाचपले आणि मामींना म्हणाले, "बरा आहे, पण दुसऱ्या फळींतला." ते रग्बीच्या गड्याचं मोजमाप होतं हे मला सहा महिन्यांनी कळलं.

मामांचं स्वतःचं वजन पंचेचाळीस किलोच्या वर कधी गेलं नाही. तरुणपणी ते मद्रासला एका चहाच्या कंपनीत कारकून होते. कंपनीच्या साहेबांचा रग्बीचा क्लब होता, आणि अक्षर चांगलं म्हणून त्याच्या सामन्यांचं वेळापत्रक मामांकडे आलं. पंधरा-पंधरा धिप्पाड माणसं एका लांबट चेंडूसाठी एकमेकांवर कोसळत, आणि मामा मैदानाबाहेर धोतरासारखी वेष्टी सावरत वही घेऊन उभे. एकोणीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि चेंडूला बोटसुद्धा लावलं नाही. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. क्लबचा महत्त्वाचा सामना आला की नेमका आदल्या दिवशी शहराच्या निवडक संघाचा निरोप यायचा: तुमचे तीन गडी द्या. मामा देत, आणि गडी परत यायचे ते खांदा निखळून. तिथूनच मामांचं तत्त्वज्ञान तयार झालं. "पोसावें क्लबानें, मिरवावें देशानें, आणि मोडलेलें हाड कोणाचें? क्लबाचें!" हे वाक्य मी किमान हजार वेळा ऐकलं आहे, आणि दर वेळी 'हाड' शब्दापाशी ते स्वतःच्या बरगडीवर बोट ठेवत.

एकोणीसशे नव्वदनंतर गावात केबल आली, पुढे रग्बीही पगारी झाली आणि मामांना दुसरं तारुण्य आलं. आता क्लब खेळाडूंना रोख पगार देत आणि देश त्यांना ऐन हंगामात उचलून नेत. म्हणजे मामांचं मद्रासमधलं भांडण आता जगभर पसरलं होतं. शनिवारी दुपारी ते केबलवाल्याला गाठून भक्तिगीतांचं चॅनेल दोन तास बंद करून रग्बी लावायला लावत. गल्लीतल्या बायका तक्रार घेऊन आल्या आणि सामना बघत तिथेच बसल्या. मामी दारातून एक नजर टाकत म्हणाल्या, "ह्यांच्या आयांनीं जेवूं घातलें नाहीं काय? एका नारळासाठीं इतकें!" मामांना खेळात रस नव्हताच. कोण जिंकलं हे त्यांना पुष्कळदा माहीतही नसे. मांडीवर एक लांबलचक वही असायची आणि तिच्यात रकाने आखलेले: नाव, क्लब, कोणी नेला, गेला कधी, आला कधी, आणि शेवटचा, कोणत्या अवस्थेत. समालोचकाच्या बोलण्यातून आणि चार-पाच दिवस जुन्या इंग्रजी पेपरांतून ते माहिती गोळा करत. न पाहिलेल्या देशांतल्या न भेटलेल्या माणसांचे गुडघे, घोटे, दंड मामांनी त्या वहीत शाईने टिपून ठेवले होते.

मामांचं हे तत्त्व रग्बीपुरतं राहिलं असतं तर आम्ही सुखी झालो असतो. मामा आमच्या मराठी भजनमंडळाचेही चिटणीस होते. एकदा एकादशीच्या तोंडावर तिरुवैयारूच्या एका गायकाने आमचा मृदंगवाला बोलावला. मामांनी गायकाला दारातच अडवलं. लेखी विनंती हवी, सात दिवस आधी हवी, आणि गडी सुस्थितीत परत करण्याची हमी हवी. बिचाऱ्या गायकाने मान्यवर माणूस असूनही सही केली. मृदंगवाला तर्जनी सुजवून आला. मामांनी ती सूज वहीत लिहिली आणि एकादशीला स्वतः टाळ वाजवून सगळ्या भजनाची लय घालवली, पण तत्त्व सोडलं नाही.

दुसरा हट्ट तिथीचा. तंजावरच्या मराठी घरांत माणसाला दोन वाढदिवस असतात. एक आपल्या पंचांगाच्या तिथीचा आणि दुसरा गावच्या रिवाजाचा, तमिळ महिना आणि जन्मनक्षत्र जुळेल त्या दिवशीचा. हे दोन्ही कधी शेजारी येतात, कधी महिनाभर लांब पडतात. बहुतेक घरं दोन्ही दिवशी पायसम, म्हणजे खीर, खाऊन मोकळी होतात. मामा मात्र नक्षत्राच्या दिवशी पायसमाला हात लावत नसत. "आम्ही तिथीवाले. तीनशें वर्षें राखली आहे," असं सांगून ते पानावरून उठत. मामी पापनाशमच्या, त्यांच्या माहेरी नक्षत्र पाळत. त्या पायसमाची वाटी उचलून झाकून ठेवत.

मामांना एकच मुलगा. सगळे त्याला तमिळ रिवाजाने तंबी, म्हणजे धाकटा, म्हणत. तो फिजिओथेरपी शिकला आणि फिरत फिरत वेल्समधल्या एका रग्बी क्लबात खेळाडूंचे सांधे दुरुस्त करायला लागला. मामांच्या वहीतल्या शेवटच्या रकान्याला पोटचा पोरगाच औषध लावतो आहे, या आनंदात त्यांनी गावभर मैसूरपाक वाटला. पुढे मामांची साठी आली. साठीला आईबापांचं पुन्हा लग्न लागतं आणि त्यांच्या डोक्यावर पहिला कलश मुलाने ओतायचा असतो. मामांनी वर्षभर आधी क्लबाचं वेळापत्रक मागवून जमिनीवर पसरलं, वर पंचांग ठेवलं, आणि ज्येष्ठ शुद्ध दशमीला हंगाम संपलेला असतो असं सिद्ध केलं. क्लबाने दोन आठवड्यांची रजा दिली. पत्रिका छापल्या.

आणि तीन आठवडे आधी तंबीचा फोन आला. वेल्स देशाच्या संघाने त्याला दौऱ्यावर बोलावलं होतं. दौऱ्याच्या बरोबर मध्यावर दशमी. "अप्पा, तुम्ही नको म्हणाल तर मी नाही जात," असं तो म्हणाला, आणि खरंच गेला नसता. मामांनी विचारलं, "क्लबानें सोडलें?" सोडलं होतं. "बरें. क्लबानें सोडलें. घरानें सोडायचें आहे अजून," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तीन दिवस मामांनी टीव्ही लावला नाही. आयुष्यभर जे भांडण ते दुसऱ्यांच्या वतीने भांडले, ते आता त्यांच्या ओसरीवर येऊन बसलं होतं. नाही म्हणावं तर पोराची अशी संधी पुन्हा येणार नव्हती; हो म्हणावं तर डोक्यावरचा कलश पुतण्याने ओतायचा. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगतो, थोडी गंमतही वाटली. चौथ्या दिवशी कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला त्यांच्यापुढे ठेवत मामी म्हणाल्या, "इतकीं वर्षें ह्याच गांवचें पाणी प्यालांत. ह्या गांवच्या नक्षत्रानें तुमचें काय वाईट केलें?" बस्स, एवढंच. मामा पेला तसाच ठेवून उठले आणि शास्त्र्यांकडे गेले. मामांचं जन्मनक्षत्र हस्त, ते दशमीनंतर सत्तावीस दिवसांनी येत होतं. तोवर दौरा संपत होता. सगळ्या पत्रिकांवर मामांनी स्वतः शाईने दिवस बदलला. तीनशे वर्षांची तिथी त्यांनी पोरासाठी सोडली, आणि मी विचारलं तेव्हा जावयाला तमिळमध्ये म्हणतात तसं म्हणाले, "वेळापत्रकांत बदल होतात, माप्ळे. चिटणिसानें ताठ राहूं नये."

पण खेळ संपला नव्हता. हस्ताच्या दिवसांत क्लबाचा नव्या हंगामाचा सराव सुरू होत होता, आणि आधीच देशाला माणूस देऊन बसलेला क्लब त्याला पुन्हा सोडायला तयार नव्हता. मामा मला घेऊन बसस्टँडजवळच्या बूथवर गेले आणि फॅक्स पाठवला. त्यांच्या सुंदर इंग्रजी अक्षरातला मजकूर असा होता: 'एका चिटणिसाकडून दुसऱ्या चिटणिसास. आपला मनुष्य देशानें नेला, त्याचें दुःख मी जाणतों. मजवरही एकोणीस वर्षें तोच प्रसंग आला आहे. परंतु तो आपला होण्याआधीं आमचा होता. चार दिवसांसाठीं द्यावा. सुस्थितींत परत करूं.' दुसऱ्या दिवशी बूथवाला सायकलवरून कागद घेऊन धावत आला. तिकडच्या चिटणिसाने लिहिलं होतं: 'चार नव्हे, सहा दिवस. देशाला आम्ही इतक्या सहज काही देत नाही.' मामांनी तो कागद देवासमोर ठेवला.

तंबी आला. त्याने कलश ओतला तेव्हा पाण्यामुळे म्हणा, कशामुळे म्हणा, मामांचा चेहरा ओळखू येत नव्हता. मग त्यांनी भर मांडवात, नक्षत्राच्या दिवशी, दोन वाट्या पायसम खाल्लं. उरलेल्या दिवसांत तंबीने रोज सकाळी त्यांचा दुखरा गुडघा चोळून दिला. सहाव्या दिवशी स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मामा खिडकीपाशी ओरडले, "कोठें दुखत नाहीं ना रे तुला?" त्याने मान हलवली.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली. एका पानावर सगळ्यात वर तंबीचं नाव होतं. क्लब: घर. तो पहिल्यांदा परदेशी गेला तो दिवस शाईने लिहिलेला. 'आला कधी' या रकान्यात मामांनी तंबी आला त्या दिवसाची तारीख लिहिली, पण पेन्सिलीने. मी विचारलं, सगळी वही शाईने आणि हेच का पेन्सिलीने? "परत गेला ना माप्ळे," ते म्हणाले. "खोडावें लागतें. नियम आहे."

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तंबी तिकडेच स्थायिक झाला. वही मामींनी मला दिली. मामांनी आयुष्यात नियम दोनदाच मोडला असं मी खात्रीने सांगू शकतो. एकदा तिथीचा, सगळ्या गावासमोर. आणि दुसऱ्यांदा वहीचा, कुणाला न सांगता, कारण त्या पानावरची पेन्सिल अजून तशीच आहे.