बाकड्यावरची कादंबरी

कादंबरीची पानं कमी आणि ती लिहिताना झालेले किस्से जास्त, अशी माझी गत आहे! राजारामपुरीत एका क्लासमध्ये मी गणित शिकवते. दोन बॅचच्या मधे दीड तास मिळतो. तीन वर्षं कादंबरी अर्धवट पडली होती. यंदा ठरवलं, जागा मिळेल तिथं बसायचं, पण ही पुरी करायचीच.

घरी का नाही लिहीत, असं सगळे विचारतात. घरीही करून बघितलं की! जेमतेम दोन ओळी झाल्या असतील, तोवर सासूबाईंनी शेंगांनी भरलेलं सूप पुढ्यात ठेवलं.

"रिकामीच बसलीयास न्हवं? एवढ्या सोल."

*

पहिलं ठिकाण बसस्टॉप. सावली होती, बाकडं होतं. तिसऱ्या दिवशी बस उशिरा आली. मी वहीत मान घालून लिहीत होते. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, लिवून घ्या, सिग्नलला अडकलतो. माझी काय चूक न्हाय!"

मी तपासनीस नाही, हे सांगायच्या आत बस गेलीसुद्धा. पुढचे आठ दिवस त्या स्टॉपवर प्रत्येक बस वेळेवर! मग तिथं एवढी गर्दी व्हायला लागली, की मलाच बसायला जागा उरली नाही.

*

मग दातांच्या दवाखान्यात शिरले. वेटिंगमध्ये पंखा, शांतता, मऊ सोफा! रिसेप्शनवरची मुलगी "आता तुम्ही" म्हणाली, की मी शेजारच्याला पुढं घालायची. लोक आशीर्वाद देऊन आत जायचे. असे चार दिवस निघाले.

पाचव्या दिवशी डॉक्टर स्वतःच बाहेर आले.

"ताई, एवढं भ्यायचं न्हाय. मी हाय की!"

खरं कारण सांगायची मला लाज वाटली. चौथं प्रकरण पूर्ण झालं, पण त्यापायी एक दाढ भरून घ्यावी लागली.

*

शेवटी गफूरभाईंच्या चहाच्या दुकानात गेले. त्यांनी काही न विचारता कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं. "हितं बसा मॅडम. कोण काय बोललं तर मला सांगा."

कोणी काही बोललं नाही. पण गफूरभाई स्वतःच चहा ठेवता ठेवता माझ्या मागं उभं राहून वाचायचे, आणि तेही मोठ्यांदा! म्हशीच्या जिवावर एकटीनं घर चालवणारी माझ्या कादंबरीतली म्हातारी काशीबाई आठवड्यात अख्ख्या दुकानाच्या ओळखीची झाली.

तिथं मारुतीमामा यायचे. वारणानगरहून दुधाचा टँकर घेऊन येणारे. काशीबाईची म्हैस एका वेळेला वीस लिटर दूध देते, हे ऐकून त्यांना ठसकाच लागला.

"वीस? मॅडम, ती म्हस हाय का माझा टँकर?"

सगळं दुकान हसलं. मला रागच आला. पण तिथल्या तिथं वीस खोडून सहा केले.

*

आणि मग शेवटचं प्रकरण. काशीबाई शेवटी जाणार, हे मी पहिल्या पानापासून ठरवलं होतं. त्या दिवशी ते लिहूनच उठायचं, असा निश्चय करून बसले. गफूरभाईंना बजावलं, "आज मागं उभं राहू नका. आज काशीबाई जाणार."

त्यांनी ते लगेच सगळ्या दुकानाला सांगितलं.

मारुतीमामा चहा तसाच ठेवून माझ्या टेबलापाशी आले. एरवी टँकरच्या हॉर्नसारखा आवाज, पण तेव्हा अगदी हळू बोलले.

"मॅडम, आज नका मारू तिला. सुनेला दवाखान्यात नेलंय. पहिलटकरीण हाय. सकाळधरनं अडलीया."

तीन वर्षांनी शेवटचं पान समोर आलं होतं! खरं सांगते, चिडचिड झाली माझी. मग मामांच्या तोंडाकडं बघितलं आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. मी दीड तास नुसती दाराकडं बघत बसले. एक ओळ लिहिली नाही.

तिसऱ्या दिवशी मामा पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आले. पहिला पेढा माझ्या वहीवर ठेवला.

"नात झाली! दोघी बी झ्याक हायत."

मग खुर्ची ओढून समोर बसले, डोळे पुसले आणि म्हणाले,

"आता मारा म्हातारीला. पर लई तरास दिऊ नका."