साहेबांचं नाशिक

भडगावच्या स्टँडवर मला सोडायला आबा आले होते, आणि आबांच्या मागे अर्धी गल्ली. जायचं होतं धुळ्याला, म्हणजे पारोळ्यावरून दुपारच्या आत पोचता येतं. पण गल्लीचा थाट असा, की पोरगी सातासमुद्रापार निघाली आहे. मी बी.फार्मसीला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, बी.फार्मसी म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. एका नानांनी खिडकीतून हात घालून सांगितलं, "मन्हा गुडघानं औषध लयजो, कंपनीमा फुकट भेटी." आबा या सगळ्यांपासून जरा लांब उभे होते. बस हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तठे बठ्ठा साहेब लोक ऱ्हातस. जपीसन बोलजो." म्हणजे, तिथे सगळे साहेबलोक, जपून बोल.

कॉलेजच्या भाषेत मी "उद्योगजगताचा प्रत्यक्ष अनुभव" घ्यायला चालले होते. हा अनुभव घेतल्याशिवाय पदवी मिळत नाही, आणि तो देण्यात कुठल्याही कंपनीला काडीचा रस नसतो. मला एमआयडीसीतल्या एका गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात जागा मिळाली ती आमच्या सरांच्या ओळखीने. कारखान्याचं नाव सांगत नाही, तेवढी त्याची लायकी नाही.

गेल्या गेल्या मला पांढरा झगा, केसांची टोपी आणि बुटांवर चढवायच्या पिशव्या दिल्या. मी हरखून फोटो काढला आणि मायला पाठवला. मग एका टेबलाशी बसवलं आणि नापास झालेल्या स्ट्रिपांचं पोतं समोर ओतलं. अंगठ्याने दाबून गोळ्या बाहेर काढायच्या, हे माझं फार्मास्युटिकल ट्रेनिंग. शेंगा फोडण्यासाठी मला घर सोडायची काय गरज होती? शेवटी जो रिपोर्ट द्यायचा असतो तो मी आदल्या वर्षीच्या मुलाचा उतरवला, त्याने त्याच्या आधीच्याचा उतरवला होता. त्यात एका मशीनचं सुंदर वर्णन होतं. ते मशीन कधीच भंगारात गेलं होतं. परीक्षकांनी त्या पानावर "छान" असा शेरा मारला.

पण खरं शिक्षण मिळालं ते प्रॉडक्शन मॅनेजर साहेबांकडून. गोरेगोमटे, सेंट मारलेले, कामगारांशी हिंदीत आणि वरच्यांशी इंग्रजीत बोलणारे. कुणीही गाव विचारलं की "नासिक." तेही असं, की पुढे विचारायची सोय नाही. माझ्याशी मात्र ते बरे वागत. एकदा म्हणाले, "रिजल्ट के बाद यहीं आ जाओ, क्यूए में जगह है." क्यूए म्हणजे मालाचा दर्जा तपासणारं खातं; मी तर त्या वाक्यावर पूर्ण आयुष्य मांडून बसले. धुळ्यात नोकरी, शनिवारी संध्याकाळी भडगाव, सोमवारी परत. माझ्या वर्गातली मुलं हैदराबाद नि बडोद्याची स्वप्नं बघायची, मला घराजवळचं बस होतं. लोक याला महत्त्वाकांक्षा नसणं म्हणतात. म्हणोत.

गोळ्या स्ट्रिपमध्ये भरण्याच्या मशीनवर कैलासभाऊ होते. ठेकेदाराकडचे, गाव धुळ्याजवळचंच. फार बोलायचे, तंबाखूच्या पुडीवरून दोनदा दंड भरलेला, आणि आपण नसलो तर कारखाना बंद पडेल अशी त्यांची पक्की समजूत. बोलत फक्त अहिराणी. साहेब हिंदीत ओरडले तरी यांचं उत्तर अहिराणीतच. माझं गाव गिरणाकाठचं कळल्यावर ते मला "माय" म्हणायला लागले, आणि कारखान्याच्या त्या काचेच्या भिंतींआड मला जरा बरं वाटायला लागलं.

एका औषधाचं काम संपून दुसरं सुरू करायच्या आधी मशीन पूर्ण रिकामं करून पुसावं लागतं. जुनी एकही गोळी आत राहता कामा नये. ते झालं की क्यूएच्या माणसाने आत जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि मगच परवानगी द्यायची. पुस्तकात असंच आहे. आमच्याकडे क्यूएच्या मॅडम हैदराबादच्या होत्या. आत जायचं म्हणजे पुन्हा झगा, टोपी, पिशव्या. त्यामुळे त्या खुर्चीतूनच इंटरकॉमवर विचारत. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

"कैलास, लाइन क्लिअर?"

आतून शेजारच्या मशीनच्या घरघरीवरून आवाज आला, "येस, येस!"

मॅडमनी परवानगी दिली, आणि कैलासभाऊ पुसणं टाकून इंटरकॉमकडे येईपर्यंत हेल्परने नव्या गोळ्या ओतल्याही, हे नंतर कळलं. मी कागद लावत होते, माझं लक्षही गेलं नाही. थोड्या वेळाने पॅकिंगमधून आरडाओरडा झाला. पांढऱ्या गोळ्यांच्या स्ट्रिपांत मधूनच पिवळी गोळी. माल बाहेर गेला नव्हता म्हणून बरं, पण सगळी बॅच अडकली.

आता कुणाचा तरी बळी द्यायला हवा होता आणि तो कोणाचा हे मीटिंगच्या आधीच ठरलेलं होतं. साहेब खुर्चीत, मॅडम शेजारी, कैलासभाऊ टोपी हातात घेऊन भिंतीशी, आणि साक्षीदार म्हणून मी. कैलासने मशीन न पुसता खोटं सांगितलं, एवढं माझ्या तोंडून आलं की ठेकेदार त्यांना उद्यापासून गेटवर उभं करणार नव्हता.

"तुम वहीं बैठी थी ना? इसने यस बोला कि नहीं?"

"बोला, सर."

"बस. खतम."

कैलासभाऊ एकदम उसळले. "मी तं येस म्हनं व्हतं! मशीन पुसी ऱ्हायंतू, नाव ऐकू उनं, म्हनं येस!"

साहेब मॅडमकडे बघून हसले. "देखिए, खुद मान रहा है."

मॅडमना बिचाऱ्यांना काय कळणार! पण मला कळलं. आमच्याकडे "येस" म्हणजे येतो. कुणी हाक मारली की येस, निरोप घेताना येस. होकाराला आम्ही "हाव" म्हणतो. कैलासभाऊंना प्रश्न ऐकूच गेला नव्हता, नाव तेवढं ऐकू गेलं होतं. पुसतो आहे, आलोच, असं ते सांगत होते. मी हे सगळं हिंदीत, अडखळत, मॅडमना सांगितलं. म्हटलं, यांना हो म्हणायचं असतं तर हे हाव म्हणाले असते, आजवर यांच्या तोंडून इंग्रजी शब्द कुणी ऐकलाय का?

साहेबांचा चेहरा दगड झाला. "मैं खुद महाराष्ट्र का हूँ. मराठी में ऐसा कोई वर्ड नहीं है. लड़की, अपना करियर देखो." मग मान खाली घालून कागद चाळायला लागले. "जाओ अब."

माझं करियर म्हणजे धुळ्यातली ती खुर्ची, हे मला लख्ख समजलं. गप्प बसले असते तरी कुणी मला दोष दिला नसता. पण मी रागाने वळले. पुढे जे झालं ती माझी हुशारी होती असं मी आजवर खूप जणांना सांगितलंय, पण ती हुशारी नव्हती. खोलीतून निघताना मोठ्यांना सांगून निघायचं ही घरची सवय. दाराशी तोंडातून निघून गेलं, "बरं सर, येस मी."

आणि साहेब, कागदावरची नजर न उचलता, म्हणाले, "हाव, ये माय, ये."

मॅडमनी हळूच विचारलं, "सर, आपने अभी क्या बोला?"

साहेबांनी चाळलेले कागद पुन्हा चाळायला घेतले. आणि कैलासभाऊ, ज्यांची नोकरी चालली होती तो माणूस, सगळे तंबाखूचे दात दाखवून हसला. कुचेष्टेने नाही हो, खरोखर आनंदाने. "अरे, साहेब तं आपलाज शे!"

एखाद्याला शिवी दिली असती तर लागली नसती इतका तो "आपला" साहेबांना लागला. नंतर कळलं, चाळीसगाव तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचे वडील अजून कपाशी लावतात. नाशिकला साहेबांचा फक्त फ्लॅट आहे. ज्याला "येस" कळत होतं असा त्या खोलीत तो एकटाच अधिकारी होता, आणि आपल्याला ते कळतं हे लपवण्यासाठी तो एका माणसाचं पोट मारायला निघाला होता. मी लबाड माणसं पुष्कळ पाहिली, पण आपल्या आईच्या भाषेला ओळख न देणाऱ्या माणसाइतकी किळस मला कुणाचीच आली नाही.

मॅडमनी आपण आत जाऊन बघायला हवं होतं हे कबूल केलं. कैलासभाऊ टिकले. मला सर्टिफिकेट मिळालं, त्यात माझं नाव चुकीचं होतं. क्यूएमधली जागा मात्र "भरली गेली." घरी सगळं ऐकून आबांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "जपीसन बोलनी नही तू. बरं करं."

म्हणून मी गुजरातेत, अंकलेश्वरच्या एका औषध कंपनीत आले. तुम्ही मागे राहिलेल्यांनो, मी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, येते तेव्हा तुम्ही पॅकेज विचारता, गुडघ्याच्या गोळ्या मागता आणि पोरांना दटावता की मॅडमसमोर नीट बोला. हे नीट बोलणं तुम्हाला कुणी शिकवलं? आणि माझ्याबरोबर निघून आलेल्यांनो, तुमचं तर विचारूच नका. इथल्या कॅन्टीनमध्ये शिरपूरचा साक्रीवाल्याशी मोडक्या हिंदीत बोलतो. दोघांनाही ठाऊक असतं. दोघेही सुरतेचे असल्यासारखे खमण खातात. तुमच्या भाषेला जगाने हसावं लागत नाही, तुम्ही आधीच हसून मोकळे होता.

गेल्या महिन्यात आमच्याकडे ट्रेनिंगला एक मुलगी आली. डबा झाकणाआड धरून जेवत होती. गाव विचारलं तर "जळगाव साइड, मॅडम." म्हटलं, साइडला गाव असेल ना काही? तिने आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाली, "बोदवड."

भडगावात असताना बोदवड आम्हाला परका मुलूख होता. त्यांची बोली वेगळी, आमची वेगळी, आम्ही त्यांच्या हेलाच्या नकला करायचो. इथे ते नाव ऐकलं आणि मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. मी आपली सरळ अहिराणीत सुरू झाले. तिला निम्मं कळलं असेल. तिने झाकण बाजूला ठेवलं.

पोरी, घर म्हणजे खरं गाव सांगायला आजूबाजूला बघावं लागत नाही ती जागा, एवढंच मला आता समजतं. ती भडगावात असतेच असं नाही. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिनेच भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "घ्या ना, अक्का."

इतकी वर्षं या गावात मला सगळे मॅडम म्हणत होते.