मी छाटलेल्या तीन ओळी

द्राक्षांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये, असं वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत माझं ठाम मत होतं. मी निफाडजवळच्या द्राक्षबागेत वाढलेली मुलगी. पाढे पाठ व्हायच्या आधी मला घडांची विरळणी येत होती. लग्न करून नवऱ्याबरोबर जपानला, कावासाकीला आले, तेव्हा वाय-टू-केचा गोंधळ मिटून दोन-चार वर्षं झाली होती आणि आमच्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ प्रत्येक मजल्यावर पुण्या-मुंबईचं एखादं आयटीतलं बिऱ्हाड होतं. नवरे सकाळी ट्रेन पकडायचे. आम्ही बायका कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते पाठ करायचो आणि ज्वारीचं पीठ कुठे मिळेल यावर चर्चा करायचो. सहा महिन्यांत मला त्या चर्चेचा वीट आला.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या ऑफिसची सहल यामानाशीला गेली. डोंगरउतारावर मांडवच मांडव, आणि त्याखाली एक म्हातारे गृहस्थ मान वर करून घड विरळत होते. मला राहवलं नाही. मोडक्या जपानीत म्हटलं, "माझे वडीलही हेच करतात." त्यांनी हसून हातात कात्री दिली. एक घड करून दाखवला, तर म्हणाले, पुढच्या शनिवारी ये. मग व्हिसाच्या ऑफिसातून अर्धवेळ कामाची परवानगी काढली आणि दर शनिवार-रविवार नांबू लाइनने ताचिकावा, तिथून चुओ लाइन असं अडीच तासांचं जाणं-येणं सुरू झालं. त्या आजोबांची स्वतःची लहानशी वायनरी होती. आईला मात्र मी फोनवर फक्त 'द्राक्षांची बाग' एवढंच सांगितलं. वायनरी म्हटलं असतं तर तिनं जावयाला फोन लावला असता.

तिथं माझ्याच वयाची एक चिनी मुलगी काम करायची. निंगशिया नावाच्या प्रांतातली, वाळवंटाच्या कडेची. तिच्या घरी वाइनच्या द्राक्षांची मोठी बाग होती. जवळच्या कोफूच्या विद्यापीठात ती वाइन कशी करतात ते शिकत होती. दोघींचं जपानी सारखंच अशक्त, त्यामुळे मैत्री लवकर जमली. तिचं दुःख एकच होतं. वडील सगळा माल फॅक्टरीला घालायचे, दर वर्षी, शेवटच्या घडापर्यंत. "आमच्या द्राक्षांची वाइन कशी लागते, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही," ती म्हणायची. मुलगी वाइन करणार म्हटल्यावर वडील हसले होते. आजोबांना हे ठाऊक होतं. त्यांनी तिला तारांवर चढवलेल्या कोवळ्या वेलींच्या तीन ओळी दिल्या होत्या, साठेक वेली. पुढच्या वर्षी त्यांना चांगली फळं आली तर वाइन तुझ्या हातानं कर, असं सांगितलं होतं. त्यानंतर तिचं शिक्षण संपणार होतं, व्हिसाही. म्हणजे वडिलांसमोर ठेवायची बाटली त्याच एका हंगामातून निघणार होती.

आणि नेमका तिथंच मला शहाणपणा सुचला.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ती वर्गाबरोबर होक्काइदोला गेलेली, आजोबा वायनरीत द्राक्षं चिरडण्यात गुंतलेले. मी तिच्या ओळींतलं गवत काढत होते. बागेतलं फळ उतरून गेलेलं, तरी या कोवळ्या वेली पानांनी गच्च भरलेल्या. मनात आलं, आमच्याकडे एव्हाना माझ्या वडिलांनी, अण्णांनी, छाटणी उरकली असती. नाशिककडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळासाठी. हे मला इतकं माहीत होतं की विचारायचं सुचलंच नाही. ती परत येईल, ओळी तयार बघेल, खूश होईल! दोन दिवस मान मोडून छाटलं. काड्यांवर फुटायचे डोळे मोजून ठेवले. अण्णांनी पाठ थोपटली असती इतकं नीटनेटकं काम.

रविवारी संध्याकाळी आजोबा आले. ओळींकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि छाटलेली एक काडी उचलली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग ते हळूहळू, मला कळेल अशा शब्दांत सांगत गेले. इथं वेली हिवाळाभर झोपतात. झोपण्याआधी पानं शेवटचं अन्न खोडात साठवतात. पानं आपण होऊन गळेपर्यंत त्यांना हात लावायचा नसतो. "आता या उपाशी झोपणार. थंडीत किती टिकतील, सांगता येत नाही."

आमच्याकडची वेल झोपतच नाही, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तिला मी सांगेन," आजोबा म्हणाले.

"नको. मीच सांगते."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "अगं, टेस्टिंग न करता डायरेक्ट प्रॉडक्शनला हात घातलास? तोही दुसऱ्याच्या?" एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी भांडी घासायला घेतली.

पुढच्या शनिवारी तिला सांगितलं. ती ओळींमधून फिरली. प्रत्येक वेलीला हात लावत गेली, तिन्ही ओळी. परत आली तेव्हा डोळे लाल होते. "मला विचारायचं होतंस," एवढंच म्हणाली. तिचं खरंच होतं. ती तिथं असती तरी मी विचारलं नसतं, कारण द्राक्षांतलं कोणाला विचारायची मला लाज वाटायची. येताना ताचिकावापर्यंत ट्रेनमध्ये रडले. समोरच्या बाईनं टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी जाणं सोडलं नाही. नोव्हेंबरात एका शनिवारी पोचले, तर ती फावडं घेऊन पहिल्या ओळीच्या कडेला उभी होती. आजोबा शेजारी, कपाळाला आठ्या.

"पुरायच्या," ती मला म्हणाली.

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण तिच्या गावात दर हिवाळ्यात सगळे हेच करतात. तिथली थंडी इतकी कोरडी आणि कडक की उघड्यावरची वेल मरते. म्हणून तारांवरून सोडवून, आडवी करून, वेल मातीखाली झाकतात आणि वसंतात बाहेर काढतात. आजोबांचं म्हणणं, इथं असं कोणी करत नाही, ओलीनं कुजतील. "ओल जायला चर काढीन," ती म्हणाली. आजोबा वायनरीत गेले. मग दुसरं फावडं घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं.

खोड वाकवणं हे खरं कसब. जोरात वाकवलं तर बुडाशी काडकन मोडतं. म्हणून आधी बुडाशी मातीचा उंचवटा करायचा आणि वेल त्यावर अलगद टेकवायची. त्या मातीला ती 'उशी' म्हणायची. मी या वेळी प्रत्येक गोष्ट विचारली. उशी किती उंच? माती किती जाड? कुठल्या बाजूला वाकवू? दहाव्या प्रश्नाला ती हसली. तीन आठवड्यांनी मला ते हसू दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी नवराही आला. कीबोर्ड बडवणाऱ्या हातांना फोड आले, पण शेवटची ओळ त्यानं झाकली.

हिवाळाभर कावासाकीत मी हवामानाच्या बातम्या बघत होते. यामानाशीचा आकडा शून्याखाली गेला की जेवण जायचं नाही.

एप्रिलमध्ये आम्ही हातांनीच माती काढली. पहिली वेल काळी पडलेली. दुसरीही. तिसरीची साल नखानं खरवडली, तर आत हिरवं! मी मराठीत किंचाळले, ती चिनीत, आणि आजोबा वायनरीतून धावत आले. अकरा वेली गेल्या. बाकीच्या जगल्या, फुटल्या, आणि शरद आला तेव्हा थोडे का होईना, घड त्यांच्यावर होते.

वाइन तिनं केली. सगळी मिळून वीसेक बाटल्या. मी तोवर आयुष्यात दारूला शिवले नव्हते. एक घोट घेतला, आंबट लागला, आणि भरून आलं. मार्चमध्ये कपड्यांत गुंडाळलेल्या चार बाटल्या घेऊन ती गावी गेली.

एप्रिल सरताना तिचा फोन आला. गावी वेली मातीतून काढायचं काम चालू होतं.

"वडील काय म्हणाले?" मी पहिलं तेच विचारलं.

"काहीच नाही. प्याले, ग्लास धुऊन ठेवला आणि झोपले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज सकाळी फॅक्टरीचा माणूस आला होता, यंदा विकत घ्यायच्या ओळी लिहून घ्यायला," ती म्हणाली. "वडिलांनी त्याचा दंड धरला आणि त्याला चौथ्या ओळीपाशी नेऊन उभं केलं. म्हणाले, इथून पुढच्या लिही. या तीन माझ्या मुलीच्या आहेत."