देव्हाऱ्यावरचे पांढरे डाग

भागीरथीबाईंचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, देवावर आणि कुलपावर. त्यातही कुलूप लावल्यावर त्या ते दोनदा ओढून बघत. दूधवाला पाणी घालतो, शिंपी कापड मारतो आणि सून पवित्रा शेजारी जाते ती घरातलं सांगायलाच, हे त्यांना न बघताही कळे. गंमत म्हणजे कानडी मुलखातल्या चामराजपेटेतल्या त्या गल्लीतली सगळी मराठी घरं त्यांचा शब्द प्रमाण मानत. भागीरथीअक्कांनी एखाद्याला लबाड म्हटलं, की तो गल्लीपुरता लबाडच.

घरातला सागवानी देव्हारा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. समईच्या काजळीनं तो पार काळवंडला होता. "सनमायका मारून घेऊ या, अत्ते. पुसायला सोपं," पवित्रा सासूला म्हणाली. बाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की तो विषय तिथंच मिटला. त्या वर्षी गल्लीत सनमायकाची नि केबल टीव्हीची एकदमच साथ आली होती. शेवटी दसऱ्याच्या आधी नरसिंहाला बोलावलं. हा पॉलिशवाला आनेकलहून बसनं येई आणि त्याचं घर या गल्लीतल्या पलंग-कपाटांवरच चाले. देव ताम्हनात काढून स्वयंपाकघरात पाटावर बसवले आणि रिकामा देव्हारा ओसरीवर आला.

नरसिंहानं पॉलिशकागदानं घासून जुना थर काढला. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्यानं हात मारमारून चढवायला लागला. बाई समोरच खुर्ची टाकून बसल्या. त्याचे डोळे लाल, अंगाला वास. आता दिवसभर स्पिरिटवर ओणवं राहणाऱ्याच्या अंगाला काय मोगऱ्याचा वास येणार? पण शेजारच्या अंबुबाई गडग्यावरून कुजबुजल्या, "अर्धं लाकडाला, अर्धं घशाला, असं असतं ह्यांचं. पिऊन वर पाणी घालतात. पाणी मिसळलं की पॉलिशवर पांढरं उमटतं, बघा हं, अक्का."

झालं! आगीत तेल पडलं. बाईंनी स्पिरिटच्या बाटलीवर, पातळीच्या बरोबरीनं, कुंकवाची रेघ ओढली.

"अक्का, हे काय? बाटलीची पूजा?" नरसिंह हसला.

"नजर लागू नये म्हणून," बाई म्हणाल्या, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

संध्याकाळी तो गेला, की बाई न्हाऊन सोवळं नेसत. परका हात दिवसभर देवाच्या घरावरून फिरलेला. त्यांच्याकडे सुतार येवो की गवंडी, देवाच्या वस्तूला हात लागला की ती शुद्ध करून घ्यायची, ही सासूबाईंपासूनची रीत. पंचपात्री घेऊन त्या तुळशीच्या पानानं देव्हाऱ्यावर पाणी शिंपडत. एवढं केलं की त्यांना बरं वाटे.

तिसऱ्या सकाळी देव्हाऱ्यावर पांढरे डाग उमटले होते.

"स्वल्प ओल धरली, अक्का. हवा दमट आहे. पुन्हा हात मारतो."

"हवा दमट, की बाटली दमट?"

नरसिंहाला आधी कळलं नाही. मग त्याची नजर कुंकवाच्या रेघेवर गेली. "मी दारूला शिवत नाही, अक्का. मुलांची शपथ."

"शपथा तर पिणारेच घेतात."

नरसिंहानं डबा, बोळे गोळा केले आणि निघून गेला. दिवेलागणीपर्यंत गल्लीला बातमी पोचली. अंबुबाईंनी आपल्या पलंगाचं ठरलेलं काम मोडलं. मग दुसऱ्या घरानं मोडलं, मग तिसऱ्यानं. बाईंना वाटलं, आपण गल्लीला वेळीच सावध केलं.

नवा पॉलिशवाला के. आर. पुरमहून आणला. या खेपेला बाटली बाईंच्या ट्रंकेत, किल्ली कमरेला. लागेल तेवढं स्पिरिट त्या स्वतः वाटीत ओतून देत आणि डोळ्यांत तेल घालून बसत. काम झालं, तो गेला. बाई न्हाल्या, पाणी शिंपडलं, निर्धास्त झोपल्या.

सकाळी पुन्हा तेच पांढरे डाग.

"अत्ते," पवित्रा हळूच म्हणाली, "ह्या वेळी बाटली तर तुमच्याच ट्रंकेत होती."

बाई चष्मा लावून वाकल्या. डाग गोल होते, थेंबाथेंबाचे. उजव्या बाजूला दाट, डावीकडे विरळ, तुळशीचं पान हातानं झटकावं तसे. पंचपात्री शेजारच्या चौरंगावरच होती. आता संशय घ्यायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. देवाच्या नावानं आपण एका माणसाच्या तोंडचा घास काढला, हे त्यांना उभ्याउभ्याच लख्ख कळलं आणि लाजेनं त्यांचे कान तापले.

पदर सावरून त्या तशाच अंबुबाईंच्या दारात गेल्या. आपली चूक सांगायला कुणाच्या दारात जायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ.

"अंबुबाई, नरसिंहाचा दोष नव्हता हो. पाणी मीच घातलं. सोवळ्याचं, शिंपडायचं. त्याला परत बोलवा."

अंबुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणला. "अक्का, खरं सांगा. तो येऊन गेला ना? काही खायला-प्यायला दिलं का तुम्हाला?"

"अहो, नाही! मी सांगते ना!"

"मग डोळ्यांत पाणी कशाला? फार भोळं मन आहे तुमचं. ह्या लोकांना बरोबर कळतं, कुणाला गाठायचं ते." त्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "सांभाळा, अक्का. दार लावून घ्या."

दार लागलं. आतून कडी सरकली, आणि ती नीट बसली की नाही, हे अंबुबाईंनी दोनदा ओढून बघितलं.